याकोब सारासिन आणि बासेलचं रेशीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या शतकातल्या युरोपचा विषय निघाला की राजे, तत्त्वज्ञ आणि सेनापती यांचीच चर्चा होते. त्या काळचा पैसा कोण कमवत होता आणि तो कोणाच्या घामातून येत होता, हे मागे पडतं. याकोब सारासिन हा स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराचा रेशीम व्यापारी. त्याच्या आयुष्यात ही दोन्ही चित्रं एकत्र दिसतात, म्हणून त्याच्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरं इथे जरा सविस्तर दिली आहेत.

याकोब सारासिन नेमका कोण होता?

जन्म 26 जानेवारी 1742, मृत्यू 10 सप्टेंबर 1802. बासेलमधल्या रेशमी फितींच्या बड्या कारखानदारांपैकी एक, शहराच्या मोठ्या परिषदेचा सभासद आणि साहित्यिक-विचारवंतांचा यजमान. त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा भाऊ लुकास हाही रेशमाच्याच धंद्यात होता. ऱ्हाईन नदीच्या काठावर दोघांनी बांधलेले वाडे आजही उभे आहेत. लुकासचाही मृत्यू 1802 मध्येच झाला.

हे घराणं मूळचं बासेलचंच का?

नाही. सारासिन मूळचे लोरेनचे, म्हणजे आजच्या ईशान्य फ्रान्समधल्या प्रदेशातले. प्रॉटेस्टंट पंथामुळे तिथे राहणं अवघड झालं आणि घराण्यातला गेदेओन सारासिन याला 1628 मध्ये बासेलचं नागरिकत्व मिळालं. याकोबची बायको गेर्ट्रूड बातिए हिचं माहेरही फ्रान्समधून आलेलंच. बासेलच्या रेशीमधंद्याचा पाया घालण्यात अशा आश्रितांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्याकडे हातातलं कसब होतं, भांडवल होतं आणि दूरदूरच्या शहरांत विखुरलेले नातेवाईक होते. व्यापाऱ्याला आणखी काय लागतं?

पुढे एक विचित्र गोष्ट घडली. ज्या शहराने या लोकांना आसरा दिला, त्याच शहराने अठराव्या शतकात नवे नागरिक घेणं जवळपास थांबवलं. 1762 नंतर दार थोडं किलकिलं झालं. आत आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी ते पुन्हा सताड उघडण्याची घाई केली नाही.

रेशीम व्यापारी म्हणजे तो कापड विकायचा का?

फिती विकायचा. आज फीत म्हटली की भेटवस्तूचं वेष्टण किंवा शाळकरी मुलींच्या वेण्या आठवतात. त्या काळात फितीशिवाय कपडा पुराच होत नसे. टोपीला, गळ्याशी, बाहीला, केसांना, बुटांना, लष्करी गणवेशाला, मानचिन्हाला, सगळीकडे फीत. शिवाय रंग आणि नक्षी सतत बदलणारी. पॅरिसमध्ये एखादा रंग चालू लागला की तो पुढच्या हंगामाच्या आत बासेलहून निघायला हवा, नाहीतर माल पडून राहायचा. बासेलच्या फिती फ्रँकफुर्ट आणि लाइपझिगच्या जत्रांमधून युरोपभर जात, आणि तिथून समुद्रापलीकडेही.

कच्चं रेशीम मात्र स्वित्झर्लंडचं नव्हतं. ते उत्तर इटलीतून यायचं, आल्प्सच्या खिंडी ओलांडून. रंगवायचं काम बासेल शहरात व्हायचं. हा रंगाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं फार मोठं झाड झालं.

एवढ्याशा फितीतून एवढे वाडे कसे उभे राहिले?

एका यंत्रामुळे. साध्या मागावर एका वेळी एकच फीत विणली जाते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये असा माग चालत होता, ज्यावर एक माणूस समोरचा आडवा दांडा हलवून एकाच वेळी दहा-बारा, सोळा फिती विणू शकत होता. सगळे धोटे एकदम चालायचे. एमानुएल होफमान या बासेलकराने 1660 च्या दशकाच्या अखेरीस हार्लेमहून असा माग गुपचूप बासेलला आणला. गुपचूप, कारण डच मंडळी हे तंत्र बाहेर जाऊ देत नव्हती.

आता शहरातल्या जुन्या फितीवाल्या कारागिरांची अवस्था बघा. ते श्रेणीत, म्हणजे आपल्या धंद्याच्या संघटनेत, एकत्र बांधलेले होते आणि पिढ्यानपिढ्या एकेक फीत विणून पोट भरत होते. त्यांनी मागणी केली की हा माग बंद करा. युरोपात अनेक ठिकाणी अशी बंदी आलीही. जर्मन साम्राज्यात 1685 मध्ये बादशाही फर्मानाने या मागांवर बंदी घातली गेली. पण तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या वेस्टफालियाच्या तहाच्या वेळी बासेलचा नगरप्रमुख योहान रुडोल्फ वेट्स्टाइन याने साम्राज्याच्या न्यायालयांपासून मोकळीक मिळवून ठेवली होती. त्यामुळे ते फर्मान बासेलला लागू नव्हतं. शहराच्या परिषदेने कारागिरांऐवजी व्यापाऱ्यांची बाजू घेतली. शेजारच्यांवर बंदी आणि आपल्याकडे मोकळं रान, हे बासेलच्या भरभराटीचं एक ठळक कारण आहे. कारागिरांची बाजू चुकीची होती असं मला वाटत नाही. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, एवढंच.

माग खेड्यात आणि व्यापारी शहरात, मग व्यवहार कसा चालायचा?

या व्यवस्थेची माहिती घेतल्याशिवाय सारासिन समजत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

माग व्यापाऱ्याच्या मालकीचा. तो बसवलेला असायचा बासेलच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ खेड्यांत, विणकराच्या राहत्या घरात. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली मागालाच द्यावी लागे, उरलेल्या जागेत कुटुंब. रेशीमही व्यापाऱ्याचं. ठरलेल्या दिवशी झाकलेली मालगाडी शहरातून खेड्यांत जायची. गाडीवाला ताणा आणि बाणा पोहोचवायचा, विणून झालेल्या फिती परत न्यायचा. हे गाडीवाले फार महत्त्वाचे लोक होते. शहराचा निरोप, नव्या नक्षीच्या सूचना, मालकाची नाराजी, सगळं त्यांच्या तोंडून खेड्यात पोहोचायचं.

मजुरी विणलेल्या लांबीवर मिळे. नवरा-बायको आळीपाळीने मागावर बसत, मुलं कांड्या भरत. घरामागे छोटासा जमिनीचा तुकडा, एखादी गाय किंवा शेळी. माल उठत नसला की व्यापारी काम थांबवायचा, पण माग घरातच राहायचा. इचलकरंजीत खर्चीवर माग चालवणाऱ्यांना हा प्रकार परका वाटणार नाही: सूत त्याचं, बाजार त्याचा, विणणं आपलं. फरक इतकाच की इचलकरंजीत माग तरी बहुधा आपला असतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बासेलच्या ग्रामीण भागात असे दोन हजारांहून जास्त माग चालू होते. बासेल शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे 15 हजार. या दोन आकड्यांवरूनच कळतं की शहराचा डोलारा खेड्यांवर किती तोलला होता.

विणकराने स्वतःच रेशीम आणून, विणून, विकलं तर?

कायद्याने बंदी होती. रेशमी फितींचा धंदा करण्याचा हक्क फक्त शहराच्या नागरिकांना. खेड्यातला माणूस कितीही हुशार असला तरी तो विणकरच राहणार. त्याला परिषदेत जागा नाही, मत नाही, शहरात येऊन स्थायिक व्हायची मुभा नाही. त्याहून धक्कादायक बाब म्हणजे हे लोक कागदोपत्री शहराचे वेठबांधील होते. बासेलने ग्रामीण प्रजेची ही बांधिलकी 1790 मध्ये रद्द केली. फ्रान्समध्ये क्रांती होऊन वर्ष उलटल्यावर, आणि क्रांतीच्या ज्वाळा अगदी वेशीपर्यंत आल्यावर.

त्याला राजकारणी का म्हणतात? बासेलमध्ये राजा होता का?

राजा नव्हता. बासेल हे प्रजासत्ताक नगरराज्य होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. पण प्रजासत्ताक म्हणजे लोकशाही, अशी गल्लत इथे करू नये.

सत्ता पंधरा श्रेणींच्या हातात होती. श्रेणी म्हणजे धंद्यानुसार बांधलेल्या नागरिकांच्या संघटना. त्यांच्यातून छोटी परिषद आणि मोठी परिषद बनायची. रोजचा कारभार छोटी परिषद बघायची. मोठ्या परिषदेत शेकडो सभासद, ती मोठ्या निर्णयांसाठी बोलवली जायची. सर्वांत वर दोन नगरप्रमुख आणि दोन मुख्य श्रेणीप्रमुख. एक जोडी एक वर्ष कारभार करायची, दुसरी पुढच्या वर्षी.

सारासिन या मोठ्या परिषदेत बसत असे. तो पूर्ण वेळ राजकारण करणारा माणूस नव्हता आणि त्याच्या समाजात तशी गरजही नव्हती. बासेलमध्ये बडा व्यापारी असणं आणि सत्तेत असणं या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. फितींच्या मजुरीचे नियम करणारे, तक्रारी ऐकणारे आणि माल विकणारे, तेच ते लोक. आपापसांत सोयरीक केलेली मोजकी घराणी: बुर्कहार्ट, मेरियान, फिशर, होफमान, सारासिन. धंद्याचं हित आणि राज्याचं हित या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, ही कल्पनाच त्या सभागृहात रुजायला वाव नव्हता. मला हा त्या व्यवस्थेचा खरा दोष वाटतो. कोणा एकाच्या स्वभावापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

चिठ्ठ्या टाकून पदं वाटत होते हे खरं का?

खरं. घराणेशाही आणि लाचलुचपत इतकी माजली की 1718 पासून बासेलमध्ये निवडीत चिठ्ठी आली. उमेदवारांमधून चिठ्ठीने नाव निघायचं. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या जागासुद्धा याच पद्धतीने भरल्या जात. त्यात काही चांगली माणसं मागे राहिली आणि काही सुमार माणसं वर चढली. चिठ्ठीच्या डब्यात नावं मात्र बहुतेक त्याच घराण्यांची.

बासेलचं आणखी एक वेगळेपण: शहरातली घड्याळं आसपासच्या सगळ्या मुलखापेक्षा एक तास पुढे असत. बाहेर अकरा वाजले की बासेलमध्ये बारा. ही पद्धत 1798 पर्यंत टिकली.

निळं घर आणि पांढरं घर म्हणजे काय?

लुकास आणि याकोब या भावांनी 1763 ते 1775 या काळात बांधलेले जुळे वाडे. वास्तुविशारद सामुएल वेरेनफेल्स. थोरल्याचं निळं, धाकट्याचं पांढरं. ऱ्हाईनच्या उंच काठावर, नदीकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे आहेत. प्रवेश मात्र मागच्या बाजूने, मार्टिन्सगासे या गल्लीतून, लोखंडी जाळीच्या दारामागे अंगण. हे वाडे फक्त राहण्यासाठी नव्हते. पेढी आणि मालाची कोठारंही त्यांच्यातच होती. वर संगीत, खाली रेशमाच्या गठड्या.

संगीत हा लुकासचा प्रांत. त्याने शेकडो संगीतरचनांच्या हस्तलिखित आणि छापील प्रती जमवल्या आणि घरातच वादनाच्या बैठकी भरवल्या. तो संग्रह बासेलच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे, आणि अठराव्या शतकाच्या संगीताचा अभ्यास करणाऱ्यांना आजही त्याचा उपयोग होतो. एखाद्या धनिकाने मागे ठेवाव्यात अशा गोष्टींत मी हा संग्रह वाड्यांच्याही वर ठेवेन.

निळ्या घराला 1777 मध्ये जर्मन साम्राज्याचा सम्राट जोसेफ दुसरा याने भेट दिली. पुढे 1814 मध्ये, नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेत दोस्त राजे बासेलमधून जात असताना ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ इथेच उतरला होता. तेव्हा दोघेही भाऊ हयात नव्हते.

एवढी श्रीमंती दाखवायला त्या शहरात मुभा होती?

रस्त्यावर दाखवायला नव्हती. बासेल कडक प्रॉटेस्टंट शहर. कोणी कोणते दागिने घालावेत, कसली वस्त्रं वापरावीत, बग्गी कधी वापरावी, याचे नियम होते आणि ते पाळले जातात की नाही हे बघणारे अधिकारीही होते. जे शहर साऱ्या युरोपला नटण्याचं सामान विकत होतं, तेच आपल्या लोकांना नटण्यापासून अडवत होतं.

ही विसंगती त्या काळच्या विचारी माणसांनाही टोचत होती. बासेलमधल्या एका संस्थेने 1779 मध्ये निबंधस्पर्धेसाठी विषय दिला: ज्या छोट्या राज्याचं पोट व्यापारावर चालतं, तिथे नागरिकांच्या चैनीला कितपत आळा घालावा? बक्षीस मिळवणाऱ्यांत एक नाव होतं योहान हाइनरिख पेस्टालॉझी. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने ज्याचं नाव पाठ केलं तोच शिक्षणतज्ज्ञ. तेव्हा तो कर्जबाजारी होता आणि त्याची गरीब मुलांसाठीची शाळा मोडकळीला आली होती.

त्याच्या मित्रांत कोण कोण होतं?

झुरिकचा धर्मोपदेशक योहान कास्पार लाफाटर, चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्रामुळे युरोपभर गाजलेला. कोलमारचा अंध कवी गोटलीब कोनराड फेफेल, जो प्रॉटेस्टंट मुलांसाठी निवासी सैनिकी शाळा चालवायचा. बासेलचा नगरसचिव आणि विचारवंत ईझाक ईझेलिन, ज्याने 1777 मध्ये लोकहितासाठी एक नागरी संस्था सुरू केली. ती संस्था बासेलमध्ये आजही काम करते. नाटककार फ्रीडरिख मॅक्सिमिलियन क्लिंगर 1780 च्या सुमारास सारासिनच्या घरी राहून गेला. एका ढोंगी गुरूची टर उडवणारं पुस्तक तेव्हा या मंडळींनी मिळून रचलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती याकोब लेन्झची गोष्ट. जर्मन महाकवी गटे याच्या तरुणपणीचा मित्र, विलक्षण प्रतिभेचा नाटककार. मन हळूहळू ढळत चाललेलं. 1777 मध्ये तो बासेलला आला, सारासिनच्या घरात रमला, नंतर त्यांना पत्रं लिहीत राहिला. पुढच्याच वर्षी त्याचा आजार बळावला तेव्हा बरेच जण बाजूला झाले. सारासिन झाला नाही. वेड्या माणसाशी दोस्ती सांगायला त्या काळात हिंमत लागत असे.

काल्योस्त्रोसारख्या भोंदूवर हा शहाणा माणूस कसा भुलला?

हा प्रश्न हमखास येतो, आणि बऱ्याचदा हसत विचारला जातो. आधी घटना बघू.

गेर्ट्रूड आणि याकोब यांचं लग्न 1770 मध्ये झालं. 1780-81 च्या सुमारास ती गंभीर आजारी पडली. महिनोन् महिने अंथरूण, डॉक्टरांनी हात टेकलेले. स्ट्रासबुर्गमध्ये तेव्हा स्वतःला काउंट काल्योस्त्रो म्हणवणारा एक इटालियन आला होता. गरिबांवर फुकट उपचार करायचा आणि त्याच्या दारात रांगा लागायच्या. सारासिन बायकोला घेऊन तिथे गेला. ती बरी झाली. हे जोडपं पुढेही बराच काळ स्ट्रासबुर्गलाच राहिलं. 1781 च्या अखेरीस सारासिनने लिहिलेलं कृतज्ञतेचं पत्र पॅरिसच्या वृत्तपत्रात छापून आलं, आणि काल्योस्त्रोची कीर्ती आणखी पसरली.

मग 1785 मध्ये फ्रान्सच्या राणीच्या नावाने हिऱ्यांचा हार लाटल्याचं प्रकरण उसळलं. त्यात सामील असल्याच्या आरोपावरून काल्योस्त्रो पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात गेला, 1786 मध्ये निर्दोष सुटला, पण फ्रान्समधून हद्दपार झाला. सगळे दरवाजे बंद होत असताना सारासिनने त्याला बासेल आणि बील परिसरात आसरा मिळवून दिला. शेवटी रोममध्ये चर्चच्या न्यायासनाने त्याला पकडलं आणि 1795 मध्ये सान लिओच्या किल्ल्यात तो कैदेतच मेला. त्याआधी 1791 मध्ये गेर्ट्रूड गेली होती, वयाच्या चाळिशीच्या आत.

आता भुलण्याबद्दल. ज्या नवऱ्याने आठ-आठ महिने बायको डोळ्यांदेखत विझताना पाहिली आणि मग ती उठून चालू लागलेली पाहिली, त्याला तर्कशास्त्र कोण शिकवणार? त्या काळच्या वैद्यांकडे रक्त काढणं आणि जुलाब देणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. काल्योस्त्रोने त्यातलं काही केलं नाही, एवढाही फायदा रोग्याला पुरेसा ठरला असेल. सारासिनला मूर्ख म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्याचं नाव आणि त्याचा पैसा यांमुळे काल्योस्त्रोवर विश्वास ठेवणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ती जबाबदारीही खरी आहे. मोठ्या माणसाचं जाहीर प्रशस्तिपत्र ही साधी गोष्ट नसते.

1798 मध्ये काय घडलं?

जानेवारी 1798 मध्ये बासेलच्या ग्रामीण भागाने उठाव केला. लिस्टाल गावात स्वातंत्र्यवृक्ष, म्हणजे फ्रेंच क्रांतीचं प्रतीक असलेला खांब किंवा झाड, उभारला गेला. वाल्डेनबुर्ग, होम्बुर्ग आणि फार्न्सबुर्ग या किल्ल्यांना लोकांनी आगी लावल्या. शहराचे कारभारी तिथूनच खेड्यांवर हुकूम चालवत. 20 जानेवारीला शहराच्या परिषदेने खेड्यांना समान हक्क जाहीर केले. दोनच दिवसांनी शहराच्या मुख्य चर्चसमोरच्या चौकातही स्वातंत्र्यवृक्ष लागला आणि शहर-खेड्यातले लोक त्याभोवती जमले. फेब्रुवारीत जुन्या परिषदांनी सत्ता सोडली आणि शहर व खेडी यांची एकत्र सभा भरली.

फ्रान्सचं सैन्य स्वित्झर्लंडमध्ये घुसत होतं, त्याचा दबाव होताच. बासेलचाच पेटर ओक्स नव्या केंद्रीय राज्यघटनेचा मसुदा लिहीत होता. तरी शेजारच्या बर्नसारखं रक्त इथे सांडलं नाही, आणि ही गोष्ट बासेलच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना भूषणावह आहे. सारासिनचा वर्ग जन्मजात सत्तेला मुकला. त्याची शेवटची चार वर्षं युद्ध, लष्करी वसुली आणि मंदावलेला बाजार यांच्या सावटात गेली.

मग तो चांगला माणूस होता की शोषक?

माझं मत: मित्र म्हणून फार मोठा, नवरा म्हणून हळवा, यजमान म्हणून दिलदार. आणि ज्या व्यवस्थेतून हे औदार्य परवडत होतं, ती व्यवस्था अन्यायाची. त्याच्या बैठकीत बसून मानवजातीच्या कल्याणावर चर्चा करणाऱ्यांच्या पायांखाली फितींचे गठ्ठे होते, आणि ते विणणाऱ्याला त्या शहरात मत नव्हतं. सारासिनच्या मित्रांची पत्रं आपण आज वाचू शकतो. विणकर भेटतात ते मागांच्या गणनेत, मजुरीच्या हिशेबात आणि तक्रारींच्या अर्जांत. त्यामुळे त्याच्यावर लिहिलेलं बरंचसं लेखन स्नेहाने भरलेलं आहे. ते खोटं नाही, पण एका बाजूचं आहे. वाचताना दुसरी बाजू आपण शोधायला हवी.

पुढे या धंद्याचं काय झालं?

एकोणिसाव्या शतकात तो आणखी वाढला, कारखानेही निघाले. पण शहर आणि खेड्यांमधलं जुनं दुखणं बरं झालं नव्हतं. नेपोलियननंतर शहराने खेड्यांचं प्रतिनिधित्व पुन्हा आखडलं, भांडण लढाईपर्यंत गेलं आणि 1833 मध्ये राज्याचे दोन तुकडे झाले: शहर बासेल वेगळं, ग्रामीण बासेल वेगळं. आजही ते वेगळेच आहेत. पहिल्या महायुद्धानंतर फॅशन बदलली, फिती मागे पडल्या आणि 1920 च्या दशकात धंदा कोसळला.

मघाशी रंगाचा उल्लेख आला होता. रेशीम रंगवण्यासाठी बासेलला रंग लागत. अलेक्झांडर क्लावेल या रंगाऱ्याने 1859 मध्ये इथे फुक्सिन हा कृत्रिम रंग बनवायला घेतला. त्याच्या कारखान्यातून पुढे सिबा ही कंपनी उभी राहिली. गायगी आणि सँडोज यांचीही मुळं रंगांतच. रंगांवरून औषधांकडे वळणं रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळचं होतं. या कंपन्या एकत्र येत येत 1996 मध्ये नोव्हार्टिस ही औषध कंपनी झाली.

महाराष्ट्राशी काही संबंध?

सारासिनचा स्वतःचा नाही. पण त्याच्या शहराचा आहे. सिबाचं संशोधन केंद्र 1963 मध्ये मुंबईत गोरेगावला सुरू झालं, उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते. ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावरची सँडोज बाग हे नावही त्याच बासेलहून आलेल्या कंपनीचं.

दुसरा धागा कौलांचा. बासेल मिशन ही संस्था 1815 मध्ये, सारासिनच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी सुरू झाली. तिला शहरातल्या धार्मिक वृत्तीच्या व्यापारी घराण्यांचा भक्कम आधार होता. मिशनचे लोक 1834 मध्ये मंगळूरला आले, विणकामाचे कारखाने काढले आणि 1865 मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला. कोकणात आणि गोव्यात ज्या मंगलोरी कौलांनी जुनी घरं शाकारली आहेत, त्यांची सुरुवात त्या कारखान्यापासून.

बासेलला गेल्यास काय बघावं?

दोन्ही सारासिन वाडे सरकारी कचेऱ्या म्हणून वापरात आहेत, त्यामुळे आत सहसा फिरता येत नाही. ते ऱ्हाईनच्या पलीकडच्या काठावरून बघावेत, तिथूनच त्यांचा खरा थाट कळतो. आतून तसला वाडा बघायचा असेल तर हाउस त्सुम किर्शगार्टन या संग्रहालयात जावं. तो योहान रुडोल्फ बुर्कहार्ट या दुसऱ्या फितीवाल्याचा वाडा. त्याचाच मुलगा योहान लुडविग अरबी वेशात फिरला आणि 1812 मध्ये जॉर्डनमधलं पेत्रा हे प्राचीन शहर त्याने युरोपच्या नजरेस आणलं.

मार्टिन्सगासेवरच बासेलचं राज्य अभिलेखागार आहे. घराण्याची कागदपत्रं तिथे ठेवलेली आहेत, वाड्यांपासून चालत काही मिनिटांवर. आणि मग आगगाडीने लिस्टालला जावं, फार लांब नाही. तिथल्या ग्रामीण बासेलच्या संग्रहालयात फितींचा मोठा संग्रह आहे आणि जुने मागही. वेळ कमी असेल आणि एकच ठिकाण निवडायचं असेल, तर मी लिस्टाल निवडेन.